हात पोचला तिथं ग्रीस : कुपवाडमधल्या एका पॉवर प्रेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली आणि मिरजेच्या मधोमध कुपवाडची एमआयडीसी आहे. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमधलं हे प्रकरण. शेडचं आणि माणसांची नावं देत नाही, कारण दोष एकट्या कुणाचा नव्हता आणि अशी शेड तिथं एकच आहे असंही नाही. मी स्वतः फिटर. प्रेस, शिअरिंग (पत्रा कापायची), बेंडिंगची (पत्रा वाकवायची) मशिनं उघडून बसवणं हेच माझं काम, आणि या प्रकरणात मलाही माझ्या चुका भोवल्या. त्याही खाली लिहिल्या आहेत.

शेडमध्ये पाच माणसं. मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात. एक सुपरवायझर, दोन ऑपरेटर आणि नुकताच आयटीआय झालेला एक हेल्पर. मशिनं तीन. त्यातली पोट भरणारी म्हणजे ४० टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्यावर जोराचा ठोका मारून तुकडे कापणारी मशीन. जुनी, दुसऱ्या हातची घेतलेली. नावाची पाटी कधीच उडालेली, त्यामुळे कुठल्या जागी कोणतं वंगण घालायचं हे सांगणारं पुस्तकही नाही आणि तक्ताही नाही. सूचना एकच होती, ती तोंडी : “रोज सकाळी ग्रीस मारायचं.”

काम द्राक्षबागेच्या मांडवाचं. अँगलच्या जोडाला लागणाऱ्या ४० मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाड पत्र्याच्या चकत्या. तासगाव-मिरज पट्ट्यात बागा भरपूर, त्यामुळे या जॉबला कधी खंड पडत नाही. एका पाळीत साधारण ४,००० चकत्या निघायच्या. पट्टी हातानं सरकवायची, पायानं पेडल दाबायचं.

दिवस एप्रिलअखेरचे. बाहेर चाळिशीचं ऊन आणि वर तापलेला पत्रा. या उन्हाचा पुढं संबंध येतो.

अडचण

सोमवारी दुपारी ऑपरेटरच्या लक्षात आलं की स्ट्रोक, म्हणजे एक ठोका, झाल्यावर रॅम, म्हणजे खाली-वर होऊन पत्रा कापणारा वरचा भाग, पूर्ण वर जाऊन थांबत नाही. वरच्या टोकाला पोचतो आणि पुढं घसरून बोटभर खाली येऊन उभा राहतो. त्यानं सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, “ब्रेक ढिला झाला असंल. दोन आटे आवळ.” आवळले. रॅम जागेवर थांबू लागला. काम सुरू.

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. पुन्हा दोन आटे.

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास पेडलवर पाय नसताना रॅम खाली आला. ऑपरेटर त्या वेळी नवी पट्टी घ्यायला वळला होता, म्हणून हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, नव्हता. रॅमच्या टोकाच्या पंचानं रिकाम्या डायमध्ये ठोका दिला आणि रॅम वर गेला. ऑपरेटरनं मोटर बंद केली आणि सरळ दादांसमोर जाऊन उभा राहिला. “दादा, मी आता त्या स्टुलावर बसनार न्हाई. आधी दाखवून घ्या.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. बाकीचे आम्ही नंतर घेतले आणि सावकाश घेतले.

प्रेस आतून कशी चालते

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण बिघाड कळायचा तर हे कळावं लागतं.

अशा प्रेसमध्ये मोटर पट्ट्यानं फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, फिरवते. फ्लायव्हील क्रँकवर, म्हणजे रॅमला खाली-वर करणाऱ्या दांड्यावर, पक्कं बसवलेलं नसतं. ते क्रँकच्या टोकावर एका गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बुशवर, म्हणजे नळीवर, मोकळं फिरत असतं. पेडल दाबलं की क्रँकमधली चावी स्प्रिंगच्या जोरावर वळते आणि फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते. मग फ्लायव्हील आणि क्रँक एक होऊन एक फेरा मारतात, रॅम खाली जाऊन वर येतो. वर पोचताना चावीचं शेपूट अडणीवर आपटतं, चावी परत वळते, फ्लायव्हील सुटतं. पण सुटलं तरी क्रँकला वेग असतोच. तो वेग खायला क्रँकच्या दुसऱ्या टोकाला ड्रमवर पट्ट्याचा ब्रेक असतो आणि तो कायम थोडासा चावत असतो. रॅम वर टिकून राहतो तो या ब्रेकच्या जिवावर.

आता वंगणाच्या जागा. क्रँकची दोन मुख्य बेअरिंगं, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे क्रँक आणि रॅम जोडणाऱ्या दांड्याचा, मोठा बुश. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या गिब, म्हणजे रॅम ज्यांच्यातून सरकतो त्या पट्ट्या. आणि फ्लायव्हीलचा बुश.

शेवटच्या जागेबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. प्रेस स्ट्रोक मारत नसेल तेव्हा ती ‘रिकामी’ आहे, म्हणजे काही झिजत नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात स्ट्रोक चालू असताना फ्लायव्हील आणि क्रँक बरोबर फिरतात, त्या वेळी बुशमध्ये घर्षण जवळपास नसतं. बुश घासतो तो प्रेस रिकामी फिरत असताना, कारण क्रँक उभा असतो आणि फ्लायव्हील त्याच्यावर गरगरत असतं.

हिशेब करून बघा. ही प्रेस मिनिटाला ५० फेऱ्यांची. ४,००० स्ट्रोक म्हणजे फिरण्याची ८० मिनिटं. मोटर दिवसाला ७ तास, म्हणजे ४२० मिनिटं चालू. उरलेली ३४० मिनिटं फ्लायव्हील उभ्या क्रँकवर फिरतं. म्हणजे १७,००० फेरे. मुख्य बेअरिंगात दिवसाला ४,००० फेरे आणि फ्लायव्हीलच्या बुशात १७,०००. भार मुख्य बेअरिंगांवर जास्त पडतो हे खरं, पण फेऱ्यांत फ्लायव्हीलचा बुश चौपटीनं पुढं आहे. आणि या शेडमध्ये नेमका तोच उपाशी होता.

तपासात काय सापडलं

मी गुरुवारी दुपारी पोचलो. आधी मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवले आणि स्विचला कुलूप लावलं. फ्लायव्हील पूर्ण उभं असल्याची खात्री केली, मग रॅमखाली लाकडी ठोकळा दिला. मोटर बंद केली तरी फ्लायव्हीलमध्ये एका स्ट्रोकपुरता नव्हे, कित्येक स्ट्रोकांपुरता जोर शिल्लक असतो. ते उभं राहिल्याशिवाय हात घालायचा नाही.

ब्रेकचं कव्हर काढलं तर ड्रमवर ग्रीसचा तपकिरी थर. ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा पट्टा, तेलानं चिंब. त्याच बाजूच्या मुख्य बेअरिंगमधून ग्रीस बाहेर ओघळून ड्रमवर गेलं होतं. रॅमच्या गिबवर ग्रीसचे गोळे, आणि त्यात पत्र्याचा बारीक कीस आणि धूळ कालवलेली. बोटावर घेऊन चोळलं तर कचकचत होतं. हे वंगण राहिलेलं नव्हतं, पॉलिश पेपरसारखं काम करत होतं.

मग फ्लायव्हीलकडं गेलो. पट्ट्याचं गार्ड उघडून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. प्रेस बंद करून दोन तास झाले होते, तरी हब गरम. हबवरच्या निपलला, म्हणजे ग्रीस आत सोडायच्या तोटीला, ग्रीसची गन लावली, ग्रीस आत जाईना. निपल काढलं तर मागच्या भोकात वाळलेल्या साबणासारखी खडी. ग्रीस म्हणजे तेल आणि साबणाचा सांगाडा. तेल निघून गेलं की सांगाडा उरतो आणि वाट बुजवतो.

मी हेल्परला विचारलं, “रोज ग्रीस मारतोस ना?”

“मारतोय की ओ काका. रोज. चारी निपलला भरून.”

“चार कुठली, दाखव.”

त्यानं दाखवली. डावं बेअरिंग, उजवं बेअरिंग, रॅमच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक. पोरगा खोटं बोलत नव्हता. या चार जागा उभ्या उभ्या हाताला येतात. कनेक्टिंग रॉडचं निपल रॅम खाली असतानाच दिसतं. फ्लायव्हीलच्या हबवरचं निपल गार्डच्या आत, आणि ते फ्लायव्हीलबरोबर फिरतं. तिथं ग्रीस मारायचं तर मोटर बंद करून फ्लायव्हील थांबेपर्यंत उभं राहावं लागतं, गार्डचे दोन बोल्ट खोलावे लागतात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हात पोचत होता तिथं ग्रीस गरजेपेक्षा जास्त, नाही पोचत तिथं काहीच नाही.

आता साखळी जुळली. फ्लायव्हीलचा बुश कोरडा पडून तापला आणि क्रँकला धरून ओढू लागला. क्रँकला अडवणारा ब्रेक तेलकट. म्हणून चावी सुटलेली असूनही क्रँक फ्लायव्हीलमागं सरकला आणि पाय नसताना रॅम खाली आला. मधल्या दोन दिवसांत ब्रेक आवळल्यानं ड्रम जास्त तापला, तापल्यानं त्यावरचं ग्रीस पातळ होऊन लायनरमध्ये आणखी मुरलं. त्यात एप्रिलची शेड. उपाय म्हणून जे केलं त्यानंच दुखणं वाढवलं.

प्रेसवर ताकदीबाहेरचा जॉब चढवलाय का, हेही पडताळलं. ४० मिमी व्यासाचा परीघ साधारण १२६ मिमी, गुणिले ३ मिमी जाडी म्हणजे ३७७ चौरस मिमी. साध्या पत्र्याला चौरस मिमीला ४० किलो धरले तरी १५ टन. ४० टनी प्रेसला हे काहीच नाही. जॉबचा दोष नव्हता.

पुढ्यातले पर्याय

गुरुवारी संध्याकाळी दादा, सुपरवायझर, तो ऑपरेटर आणि मी चहाला बसलो. सोमवारी माल द्यायचा होता, निम्म्या चकत्या बाकी होत्या.

सुपरवायझरचं म्हणणं, लायनर पेट्रोलनं धुऊन घेऊ, फ्लायव्हीलला तेल सोडू, शनिवारपर्यंत ओढू, रविवारी उघडू. व्यवहाराच्या बाजूनं यात तथ्य होतं. पण तेल मुरलेला लायनर वरवर धुतला तर तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. काही ठिकाणी असा लायनर पेटवून तेल जाळतात. माझा त्याला सक्त विरोध आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते जाळणं-घासणं म्हणजे त्याची धूळ पाच माणसांच्या छातीत घालणं.

दादांनी विचारलं, “समोर सेन्सर बसवला तर? हात आत गेला की मशीन थांबंल.” प्रश्न कळकळीचा होता, पण या जातीच्या प्रेसला तो उपाय लागू नाही. चावीचा क्लच एकदा अडकला की क्रँक पूर्ण फेरा मारूनच सुटतो, मध्ये थांबवता येत नाही. सेन्सरनं हात पाहिला तरी रॅम खाली येणारच. शिवाय आपला बिघाड चावी सुटल्यानंतरचा. इथं लोखंडी गार्डच हवं, पट्टी जाईल एवढीच फट असलेलं, हात जाणारच नाही असं.

तिसरा विचार ही प्रेस काढून न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचची घेण्याचा. ती मधल्या वाटेतही थांबते, जास्त सुरक्षित. पण चार दिवसांत घेण्याची ती वस्तू नाही. तो विचार पुढच्या वर्षासाठी ठेवला.

उरला तो पर्याय म्हणजे प्रेस आत्ताच उघडायची आणि डाय शेजारच्या शेडमध्ये देऊन राहिलेला माल तिथं काढून घ्यायचा. दादांना हे जड गेलं. आपली डाय दुसऱ्याच्या प्रेसवर चढवायची म्हणजे धार जाण्याची भीती, आणि गिऱ्हाईक कळण्याचीही. ते बराच वेळ गप्प होते. मग ऑपरेटरकडं बघून म्हणाले, “उद्या डाय घेऊन तू जा. सेटिंग तूच कर, दुसऱ्याला हात लावू देऊ नको.” डाय आपल्याच माणसाच्या हातात राहिली आणि ज्यानं काम थांबवलं त्याचा रोजही बुडला नाही. मला तो निर्णय फार आवडला.

काय केलं

शुक्रवारी फ्लायव्हील उतरवलं. क्रँकचं टोक ८० मिमीचं. अशा साध्या बुशमध्ये व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ०.०८ मिमीच्या आसपास फट असावी, असा आम्ही ढोबळ हिशेब धरतो. इथं ती अर्ध्या मिमीच्या पुढं गेली होती आणि बुशच्या आतल्या अंगावर खोल ओरखडे. क्रँक मात्र बचावला. बुश मऊ धातूचा ठेवायचा तो यासाठीच, झिजायचं तर त्यानं झिजावं. बारीक एमरीनं क्रँक साफ केला आणि नवा गनमेटल बुश टर्नरकडून करून आणला.

माझी चूक झाली ती इथं. घाईत बुश दाबून बसवला आणि बुशमधलं ग्रीसचं भोक हबमधल्या भोकासमोर आलं नाही. जवळजवळ पाव फेऱ्याचं अंतर राहिलं. गन लावली तर परत तीच गत, ग्रीस आत जाईना. नवा बुश पहिल्या दिवसापासून उपाशी राहिला असता. बुश बाहेर काढावा लागला, त्यात खरवडला, पुन्हा टर्नरकडं. शनिवारचा अर्धा दिवस त्यात गेला. आता मी बुश दाबण्याआधी हबच्या तोंडावर आणि बुशच्या कडेवर मार्करनं एकसलग रेघ मारतो, आणि बसवल्यावर फ्लायव्हील चढवण्याआधीच गन लावून ग्रीस आतून बाहेर आलेलं डोळ्यांनी बघतो.

ब्रेकचा लायनर नवा, ॲस्बेस्टॉस नसलेला. ड्रम सॉल्व्हंटनं पुसून कोरडा केला. उजव्या बेअरिंगच्या आणि ड्रमच्या मध्ये पत्र्याची गोल आडकाठी बसवली, म्हणजे ग्रीस ओघळलं तरी खाली ठिबकेल, ड्रमवर उडणार नाही. गिब खोलून, रॉकेलनं धुऊन, ०.०५ मिमीच्या फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्टीवर) पुन्हा सेट केल्या.

गिबला ग्रीस बंद केलं. तिथं आता ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल, दिवसातून दोनदा, थोडं थोडं. सरकत्या जागेला तेल चांगलं, कारण ते खाली वाहताना कीस बरोबर घेऊन जातं. ग्रीस कीस धरून ठेवतं. बेअरिंगांना आणि फ्लायव्हीलच्या बुशला लिथियमचं दोन नंबर ग्रीस. जुनं कुठलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जुनं सगळं धुऊन काढलं. वेगवेगळ्या साबणांची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होतात. शेडच्या कोपऱ्यात गाडीच्या जळक्या तेलाचा डबा होता, तोही दादांना उचलायला लावला. काळ्या तेलात काजळी आणि धातूचा बारीक कण असतो. फुकट मिळतं म्हणून ते मशीनमध्ये घालणं बरोबर नाही.

‘किती’ या प्रश्नाचं उत्तर हेल्परकडूनच काढून घेतलं. गनचे दहा दाब कागदावर मारून सोनाराकडं वजन करायला पाठवलं. साडेनऊ ग्रॅम भरलं, म्हणजे दाबाला जवळपास एक ग्रॅम. आता तक्त्यात “ग्रीस मारा” असं लिहिलेलं नाही. “उजवं बेअरिंग – २ दाब, फ्लायव्हील – ४ दाब” असं लिहिलंय. फ्लायव्हील रोज, मुख्य बेअरिंगं एक दिवसाआड, कनेक्टिंग रॉड रोज. हे आकडे या प्रेसचे आहेत, दुसऱ्या मशीनला जसेच्या तसे लावू नका.

वंगण फक्त बंद मशीनवर, हा नियम केला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू मशीनवर वंगण-दुरुस्ती कुणी आणि कशी करायची याचं बंधन होतं, घट्ट कपड्यांपासून रजिस्टरमधल्या नावापर्यंत. पाच माणसांची शेड त्या कायद्यात बसत होती की नाही हा वेगळा मुद्दा. बोटं सगळीकडं सारखीच असतात.

निष्पत्ती

रविवारी संध्याकाळी प्रेस रिकामी दोन तास फिरवली. दर अर्ध्या तासानं बंद करून हबला हात लावला. कोमट, त्यापलीकडं नाही. रॅम प्रत्येक वेळी वरच्या टोकाला थांबला. मग गार्ड लावून पन्नास चकत्या काढल्या. सोमवारी माल गेला, थोडा शेजारच्या शेडमधून, थोडा इथून.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. दोन महिन्यांनी, जूनअखेर, चावी सुटताना ‘टक्’ असा जादा आवाज येऊ लागला. ऑपरेटरनं त्याच दिवशी मशीन बंद करून मला फोन केला. उघडलं तर चावीची कड गोलावलेली. झिजलेल्या बुशवर फ्लायव्हील डगमगत होतं, तेव्हाच तिला मार बसला होता. एप्रिलमध्ये मला ती कड थोडी मोडलेली दिसली होती. मी तेव्हा फक्त स्प्रिंग बदलली आणि चावी तशीच ठेवली, कारण चावी बनवायला आणखी एक दिवस लागला असता आणि सोमवार डोक्यावर होता. चावी, तिची स्प्रिंग आणि अडण हा एक संच आहे, बदलायचा तर एकदम.

पुन्हा करायचं झालं तर

सोमवारी, रॅम पहिल्यांदा घसरला तेव्हाच मशीन थांबायला हवं होतं. ब्रेक आवळावा लागणं ही खूण आहे. तो का आवळावा लागला हे कळेपर्यंत पाना उचलायला नको होता. सुपरवायझरनं हे स्वतःच बोलून दाखवलं, त्याला कुणी टोचलं नाही.

हेल्परला पहिल्या दिवशी मशीनभोवती फिरवून सगळी निपलं दाखवायला हवी होती. मी तिथं वर्षभर आधी शिअरिंगच्या कामाला गेलो होतो, प्रेसच्या शेजारून चारदा ये-जा केली, पण कधी विचारलं नाही. आता कुठल्याही शेडमध्ये गेलो की पहिली पाच मिनिटं ग्रीस मारणाऱ्या माणसाबरोबर घालवतो. मालकाशी बोलणं नंतर. मशीनची खरी हकिकत त्याच्या गनला ठाऊक असते.

आणि फ्लायव्हीलवरचं निपल जिथं आहे तिथंच ठेवलं, ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट. क्रँकच्या टोकातून भोक पाडून निपल बाहेर, गार्डपलीकडं आणता आलं असतं. क्रँक उतरवावा लागला असता, म्हणून टाळलं. पुढच्या मोठ्या खोलाईत ते करायचं ठरलंय. तोवर गार्डला बोल्टऐवजी बिजागरी आणि कडी बसवली आहे, आणि कडीला दादांच्या किल्लीचं कुलूप.

सकाळी साडेआठला हेल्पर दादांकडून ती किल्ली मागून घेतो. आदल्या संध्याकाळपासून फ्लायव्हील उभंच असतं, त्यामुळे थांबावं लागत नाही. हबवरच्या निपलला आम्ही लाल रंग दिलाय. तो चार दाब मोजतो, जुनं ग्रीस कडेनं बाहेर आलं की चिंधीनं पुसतो आणि चिंधी ऑपरेटरला दाखवतो. तिच्यावर पिवळा कण दिसला, म्हणजे गनमेटल झिजायला लागलं, तर त्या दिवशी मोटर सुरू होत नाही.